स्वखुशीने

मैनेच्या कामाचा एकच नियम होता: मध्ये यायचं नाही. समोरचा बोलेल ते या भाषेतून उचलून त्या भाषेत ठेवायचं आणि आपण बाजूला व्हायचं. अकरा वर्षं ती दुभाषीचं काम करत होती, कधी कोर्टात, कधी इस्पितळात, कधी परदेशी पाहुण्यांच्या बैठकांत. समोरच्याने शिवी दिली तर तीही ती जशीच्या तशी पोचवायची. मैना हे तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी घरात येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाची ती हुबेहूब नक्कल करायची, म्हणून मावशीने ते ठेवलं आणि तेच चिकटलं.

या वेळचं काम सरळ दिसत होतं. दूरच्या एका श्रीमंत देशाने इथल्या वीज प्रकल्पाला मदत दिली होती. डोंगराच्या उतारावर उन्हापासून वीज करणाऱ्या काळ्या तावदानांच्या रांगा उभ्या राहिल्या होत्या. त्यासाठी तिथलं एक गाव उठवलं आणि त्या लोकांना खाली सपाटीवर नवी वसाहत बांधून दिली. त्या देशाचा कायदा कडक होता: माणसांना जबरदस्तीने हुसकावलेलं आढळलं, तर मदत बंद. त्यामुळे मदतीचा पुढचा टप्पा सुटण्याआधी त्यांचा एक तपासनीस येऊन घरोघर विचारणार होता आणि त्याच्यासोबत मैना जाणार होती.

निघताना दादाने, तिच्या मोठ्या भावाने, चहाचा कप तिच्या हातात दिला. तो तालुक्याच्या दवाखान्यात कंपाउंडर होता आणि तो दवाखानाही त्याच मदतीवर चालायचा. "आज तुझ्या जिभेवर माझी नोकरी आहे बरं का," तो हसत म्हणाला. "नीट बोल."

"मी कुठे बोलते? बोलतात ते दुसरेच."

उठवलेलं ते गाव मावशीचं होतं, हे तिने ऑफिसला सांगितलं नव्हतं. नात्यातलं कोणी असेल तर आधी कळवायचं, असा करारात मुद्दा होता. मैनेने त्यापुढे 'नाही' लिहिलं होतं. तिची आई आणि मावशी बारा वर्षांपूर्वी आजीच्या शिवणयंत्रावरून भांडल्या, आणि पुन्हा त्यांनी एकमेकींचं तोंड पाहिलं नाही. चार वर्षांपूर्वी आई गेली, तेव्हाही मावशी आली नाही. तो अबोला मैनेने आईच्या पश्चात तसाच चालू ठेवला, आणि त्याची आता तिला लाज वाटत होती. यादीत सत्तेचाळीस नंबरच्या घरापुढे मावशीचं नाव बघितलं, तेव्हाच तिने हे काम घेतलं.

सकाळी दहाला गाडी वसाहतीत शिरली. प्रकल्पाच्या ऑफिसचा माणूस वाट बघत उभा होता. तो प्रत्येक वाक्यामागे "हो हो" म्हणायचा, त्यामुळे मैनेने मनातल्या मनात त्याचं नाव होहो ठेवून टाकलं. तपासनीस उंच, पिकल्या केसांचा, हळू बोलणारा माणूस होता. दारात शिरताना तो बूट पुसायचा आणि निघताना माणसांचे आभार मानायचा.

रस्ते सरळ होते, दारं एकाच निळ्या रंगाची. गाडीतून उतरल्यावर काय चुकतंय ते मैनेच्या पटकन लक्षात आलं नाही. मग आलं. कुठेही धुणं वाळत नव्हतं. एक कुत्रं नव्हतं. दोनशे घरांच्या वस्तीत भांडं पडल्याचा आवाज नाही, कुणी कुणाला हाक मारत नाही. माणसं मात्र होती, प्रत्येक दारात, हात पुढे जुळवून उभी.

पहिल्या घरात म्हातारा होता. तपासनिसाने विचारलं, मैनेने विचारलं, म्हाताऱ्याने सांगितलं: "आम्ही स्वखुशीने आलो. पाणी चोवीस तास येतं. आम्ही आभारी आहोत."

दुसऱ्या घरात नवरा-बायको. "आम्ही स्वखुशीने आलो. पाणी चोवीस तास येतं. आम्ही आभारी आहोत."

तिसऱ्या घरात तेच. चौथ्यात तेच. मैनेच्या कानाला पहिल्यांदा खटकला तो 'स्वखुशीने' हा शब्द. असा शब्द कागदावर असतो, तोंडात नसतो. माणूस म्हणतो आपल्या मर्जीनं, कुणी बळजबरी केली नाही, आमचं आम्ही ठरवलं. इथे विशीतली सूनही स्वखुशीने म्हणत होती आणि तोंडाचं बोळकं झालेली आजीही. शिवाय 'पाणी' म्हणायच्या आधी प्रत्येक जण एक श्वास घ्यायचा, सगळे तेवढाच. विसाव्या घरापर्यंत तो श्वास आपसूक मैनेच्या भाषांतरातही यायला लागला.

"फारच एकमत आहे," तपासनीस म्हणाला.

"हो हो," होहो म्हणाला. "समाधानी माणसं आहेत."

सत्तेचाळीस नंबरचं दार आलं तेव्हा मैना एक पाऊल पुढे झाली. मावशीला काय म्हणायचं, आधी हसायचं की आधी रडायचं, ती मनात घोळवत होती. दार उघडलं.

दारात परकी बाई होती.

मावशी उंच, हाडापेराने रुंद. ही ठेंगणी, बारीक चेहऱ्याची. बारा वर्षांत माणूस थकतो, वाळतो, पण वीतभर कमी होत नाही. मैनेला वाटलं घर चुकलं. पण तपासनिसाने नाव विचारलं आणि बाईने मावशीचं नाव सांगितलं. वय सांगितलं, ते मावशीचं. नवरा कोणत्या साली वारला ते सांगितलं. दोन मुलगे बंदरावर कामाला आहेत, हेही सांगितलं. सगळं बरोबर.

"ओळखीची खूण, उजव्या मनगटावर भाजल्याचा डाग," होहोने फाइलीतून वाचलं. बाईने बाही वर केली. डाग होता. लहानपणी मावशीच्या हातावर इस्त्री पडली होती तस्साच, निमुळत्या टोकाचा. पण मावशीचा डाग मैनेने कळत्या वयापासून पाहिला होता. तो पांढरा होता. हा गुलाबी होता, आणि त्याची कड अजून चकाकत होती.

मैना त्या डागाकडेच बघत राहिली. तोंड मात्र आपलं काम करत राहिलं. स्वखुशीने. श्वास. पाणी.

तपासनिसाने शेवटचा प्रश्न विचारला: "आणखी काही सांगायचंय?" मैनेने तो विचारला नाही. त्याच सुरात, चेहरा न हलवता तिने दुसरंच विचारलं: "बहिणीला ते शिवणयंत्र का दिलं नाहीत?"

होहोने मान वर केली. बाई क्षणभरही थांबली नाही.

"द्यायचंच होतं. तेलपाणी करून, नवा पट्टा घालून ठेवलं होतं. ती येईऽल आणि न्येईऽल म्हणून वाट बघितली. मी का जाऊ, म्हणून मी अडून बसले, ती का येऊ म्हणून ती. मग ती गेलीच. तिची मुलगी आहे. मैना म्हणतो आम्ही तिला. ती तरी येईऽल."

'येईल'वरचा तो हेल मावशीचा होता. तो मावशीखेरीज जगात कुणी काढत नव्हतं.

"काय म्हणाल्या त्या?" तपासनिसाने विचारलं.

अकरा वर्षांत पहिल्यांदा मैनेने भाषांतरात खोटं सांगितलं. "त्या आभारी आहेत," ती म्हणाली.

दुपारी सभागृहात जेवणाची सोय होती. मैना चष्मा राहिल्याचं निमित्त करून सत्तेचाळीस नंबरकडे परत गेली. उन्हात गल्ली पांढरी पडली होती. दारांतली माणसं अजून तशीच उभी होती, कुणी बघणारं नसताना.

बाईने तिला आत घेतलं आणि दार लोटलं. "तुम्हीच ना त्या?" ती म्हणाली. आता तिचा आवाज वेगळा होता, घोगरा, दमलेला. "प्रश्न ऐकला तेव्हाच ओळखलं."

"मावशी कुठाय?"

"पलीकडं. डोंगरामागं पत्र्याच्या शेड आहेत, आम्ही राहायचो त्या. आम्ही तावदानं बसवायला आलेली माणसं. काम संपलं तसं आम्हाला जा म्हणाले. जायचं कुठं? त्याच सुमाराला गावची माणसं अडून बसली. आम्ही सह्या करणार नाही, विचारायला कुणी आलं तर खरं ते सांगू, म्हणाली. मग त्यांना उचलून आमच्या शेडमध्ये टाकलं, आणि आम्हाला म्हणाले, घर हवंय? तर ही माणसं व्हा."

"आणि मावशीने तुम्हाला शिकवलं?"

"न शिकवणाराचं पाणी तोडायचे. अकरा दिवस समोर बसवलं मला तिच्या. बाकीच्यांनी कामापुरतं सांगितलं, नाव, वय, खूण. तुमची मावशी म्हणाली, सांगायचं तर पुरतं सांगीन. लग्नात कोण कोण रुसलं होतं, पहिलं बाळ कसं दगावलं, तुमच्या आईनं कुठल्या झाडावरून उडी मारली, सगळं. म्हणाली, भिंती पाडल्या माझ्या, यंत्र ढिगाऱ्याखाली गेलं, आता हे ठेवू कुठं? तू ठेव."

मैना भिंतीला टेकली.

"तेव्हापासून मला माझं धड आठवत नाही," बाई म्हणाली. "माझ्या आईचा चेहरा आणायला जाते तर तुमच्या आजीचा येतो. गालावर तीळ, पुढचा एक दात आडवा. मी त्या माऊलीला कधी बघितलं नाही हो."

तीळ होता. दातही आडवा होता.

"आणि मनगट? कुणी भाजलं?"

"मीच." बाईने बाही खाली ओढली. "घर हवं होतं ना."

मैनेने वर छताकडे बघितलं. मग म्हणाली, "मी खरं सांगितलं तर तुमचं छप्पर जाईल."

"जाईल."

"मी दुभाषी आहे. मी मध्ये येत नाही."

"आलातच की," बाई म्हणाली. "यंत्राचं विचारलंत तेव्हाच आलात."

चार वाजता सभागृहात सगळ्यांना जमवलं. तपासनिसाने मैनेपुढे कागद ठेवला. सर्व जबाबांचं भाषांतर प्रामाणिकपणे केलं आहे, खाली सही. मैनेला दादाचा सकाळचा चेहरा आठवला. दवाखान्याच्या बाहेर औषधांसाठी लागणारी रांग आठवली. तिने पेन खाली ठेवलं.

"सही करता येणार नाही," ती आधी त्याच्या भाषेत म्हणाली आणि मग सगळ्यांना कळेल असं आपल्या भाषेत. "एक उत्तर मी चुकीचं सांगितलं. आणि सत्तेचाळीस नंबरच्या घरात आहे ती बाई तुमच्या यादीतली नाही. यादीतली बाई माझ्या आईची सख्खी बहीण आहे."

होहो हसला. "यांनी करारात 'नात्यातलं कोणी नाही' लिहिलंय साहेब. आता मावशी कुठून उगवली? शेवटचं कधी पाहिलंत मावशीला?"

"बारा वर्षांपूर्वी."

"बघा!"

मैनेने त्याचंही भाषांतर केलं, 'बघा'सकट. तपासनीस तिच्याकडे वळला. "हे खरं निघालं तर काय काय थांबेल, ठाऊक आहे तुम्हाला?"

"माझा भाऊ दवाखान्यात आहे," मैना म्हणाली. "मला सगळं ठाऊक आहे."

तो उठला आणि म्हणाला, शेड दाखवा.

रस्ता तावदानांमधून जात होता. जिथे गाव होतं तिथे आता माणसापेक्षा उंच काळ्या रांगा होत्या. मध्येच एक दगडी पायरी, कशालाच न लागलेली. दर काही मिनिटांनी ती सगळी तावदानं उन्हाच्या रोखाने बोटभर वळायची, एकदम, आणि त्या उतारावरून एकच लांब कर्रर्र असा आवाज जायचा. तो आला की होहोही बोलायचा थांबायचा.

शेड उघड्या होत्या आणि रिकाम्या होत्या. आत झाडलेलं होतं. चुलींतली राख मात्र अजून ऊबदार होती.

"गोदाम आहे हे," होहो म्हणाला. "हो हो, गोदामच."

जमिनीवर पोती अंथरलेली होती, दोन-दोन, समोरासमोर. शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जोड्याच जोड्या. प्रत्येक पोत्यावर बसून बसून खळगा पडला होता.

"हे पुरेसं नाही," तपासनीस हळूच म्हणाला. "पोत्यांवरून मला काही लिहिता येणार नाही."

तेवढ्यात दारातला उजेड कमी झाला. वसाहतीतली माणसं मागोमाग चालत आली होती. कुणी बोलावलं नव्हतं. सत्तेचाळीस नंबरची बाई पुढे झाली, एका पोत्यावर मांडी घालून बसली, आणि समोरच्या रिकाम्या पोत्याकडे बघत मावशीच्या आवाजात बोलू लागली. "माझा जन्म खालच्या आळीत झाला. आम्ही दोघी बहिणी..." मग पहिल्या घरातला म्हातारा येऊन आपल्या जागेवर बसला. मग ते नवरा-बायको. एकेक करून सगळे आपापल्या पोत्यावर बसले आणि समोर कुणी नसताना पाठ केलेलं बोलू लागले. शेकडो तोंडांचा तो हलका, एकसारखा गुणगुणाट पत्र्याला लागून परत खाली येत होता. कुणाच्या शेळीचं नाव, कुणाचं बाळंतपण, कुणाच्या दारातली पायरी.

"काय म्हणतायत?" तपासनिसाने विचारलं.

मैना एकेका जोडीपाशी वाकून ऐकत गेली आणि सांगत गेली. वाकताना तिला समोरच्या पोत्यावर पाय पडू नये म्हणून जपावं लागत होतं. तिथे कुणी बसलेलं नाही, हे तिला दर वेळी स्वतःला सांगावं लागत होतं.

शेवटी सत्तेचाळीस नंबरची बाई थांबली. "हे तिचं झालं," ती म्हणाली. "आता माझं." तिने तोंड उघडलं आणि तशीच बसून राहिली. किती तरी वेळाने तिने एक नाव सांगितलं, आणि एका खाणीजवळची आपली वस्ती. नाव उच्चारताना ती अडखळली, परक्या माणसाचं नाव पहिल्यांदा घ्यावं तशी.

मदत त्याच महिन्यात थांबली. न्याय झाला म्हणायचं, तर तो असा झाला: दवाखान्याला कुलूप लागलं, ते चौदा महिने निघालं नाही. दादाने मैनेशी बोलणं सोडलं. रागापेक्षा त्याला दुखत होतं. रांगेतली जी दोन म्हातारी माणसं त्या वर्षात गेली, त्यांची नावं त्याने तिला पत्राने कळवली, खाली सही न करता. नातं लपवल्याबद्दल ऑफिसने मैनेला काढलं, आणि ते बरोबरच होतं, असं ती स्वतः म्हणायची. होहोची बदली झाली. बढतीवर, असं कानावर आलं.

तपासणीच्या दिवशीच सकाळी ट्रकने हलवलेली गावची माणसं सात आठवड्यांनी एका बंद पडलेल्या वीटभट्टीवर सापडली. ती परत आली, तर त्यांना चौकशी समितीपुढे उभं केलं. एकदा फसल्यामुळे समितीला आता खात्री हवी होती. तुम्हीच ते हे सिद्ध करा, त्यांना सांगण्यात आलं. आणि गंमत अशी की खरी माणसं अडखळली. साल चुकलं, नाव चुकलं, मधेच गप्प झाली. बाजूच्या बाकावर बसलेली तावदानं बसवणारी माणसं मात्र न चुकता सांगत होती. अखेरीस त्यांनीच एकेकाने उठून ओळख पटवली: या म्हणतात ते खरंय, मी यांच्याकडूनच शिकले.

घरं गावच्या माणसांना मिळाली. तावदानं बसवणाऱ्यांसाठी कायद्यात काही नव्हतं, त्यामुळे त्यांना काही मिळालं नाही. बहुतेक जण कुठे कुठे निघून गेले. सत्तेचाळीस नंबरमधली बाई तेवढी राहिली. मावशी तिला जा म्हणाली नाही.

मैना पहिल्यांदा मावशीकडे राहायला गेली ती त्यानंतर. आता बाहेर धुणं होतं आणि गल्लीत भांडणंही होती. पाणी दिवसाआड यायचं. मावशीने तिला जवळ घेतलं, केसांवरून हात फिरवला, रडली. सगळं मावशीसारखं होतं. फक्त तिचे डोळे कसलीशी वाट बघितल्यासारखे बाजूला जायचे, त्या दुसऱ्या बाईकडे.

संध्याकाळी तिघी ओट्यावर बसल्या. "मावशी," मैना म्हणाली, "आईचं काही सांग ना. लहानपणचं."

"ते मी दिलं," मावशी सहज म्हणाली. "तिला विचार. तिला नीट येतं."

बाई मैनेकडे बघून ओशाळली. पण मग तिने सांगायला सुरुवात केली. आजोबांनी विहीर खणायला घेतली त्या उन्हाळ्याचं. धाकटी, म्हणजे मैनेची आई, रोज मोठीची नजर चुकवून दोराने खाली उतरायची आणि तळाशी बसून गाणी म्हणायची, ते. एक दिवस दोर वरच राहिला, आणि मोठीला घरी जाऊन सांगायचं धाडस होईना, ते.

मावशी गुडघे पोटाशी घेऊन ऐकत होती. डोळे मोठे झाले होते, तोंड किंचित उघडं.

"अगंबाई," ती म्हणाली. "मग? निघाली का ती पोर बाहेर?"